दगड, शब्द आणि नाडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार होते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. मधोमध रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड सुटतात. अशा धुमश्चक्रीत दगड लागलेल्यास कळ कित्येकदा तत्क्षणी जाणवत नाही, मागाहून जाणवते. असे का व्हावे?

धोका दिसताच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागास वर्दी पोचते. तेथून निघालेली आज्ञा अनुकंपी मज्जासंस्था मज्जारज्जूमार्गे सर्व अवयवांस एकाच वेळी कळविते. हृदय जलद चालते, बाहुल्या विस्तारतात, यकृत साठवणीतील साखर रक्तात सोडते, पोटाकडील रक्त स्नायूंकडे वळते व मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन ओततात. वेदनेची वर्दीही मेंदू तूर्त अडवून धरतो. लढणे किंवा पळणे, या वर्तनासाठी सारा देह असा सिद्ध होतो. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ही व्यवस्था ग्रंथरूपाने मांडली.

आता आम्हां दुकानदारांचा प्रश्न. बोरगावात गल्ल्यावर बसलेल्यास कोणी दगड मारीत नाही. परंतु उधारीचा वाद निघाला, कोणी चारचौघांत ‘मापात खोट आहे’ असे म्हणाला, की छाती धडधडते, हात कापतो, तोंड कोरडे पडते. मेंदूने शब्दालाही दगडच मानले! देह लढाईस सिद्ध, आणि काम मात्र वहीतील नोंद शांतपणे दाखविण्याचे. अशा घटकेस तोंडून गेलेला एक शब्द पिढीजात गिऱ्हाईक तोडतो. देण्याघेण्याची चिंता रोज रात्री अंथरुणातही सोबत करू लागली, तर ही वर्दी थांबतच नाही; असा दीर्घ ताण रक्तदाब व हृदयविकार यांस हातभार लावतो.

या सिद्धतेस लगाम घालणारी परानुकंपी मज्जासंस्थाही देहातच आहे. हृदयास आपणांस थेट हुकूम देता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही. निरोगी माणसाच्या नाडीवर बोट ठेवून पाहावे: श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाचा अभ्यास प्रयोगशाळेत नेला, तो याच वाटेने.

म्हणून वाद पेटताच उत्तर देण्यापूर्वी चारदोन श्वास सावकाश सोडावेत. तेवढ्यात वहीतील ते पानही सापडते.