बोनेट उघडेना? आधी ओढणं थांबवा

लिंबायत, उधना, डिंडोली या भागातल्या कुठल्याही सीएनजी पंपावर सकाळी थोडा वेळ उभं राहा. रांगेतली गाडी पुढे सरकते, आतली माणसं उतरून बाजूला होतात, चालवणारा स्टिअरिंगखाली हात घालतो, 'टक्' असा आवाज येतो आणि बोनेट वर जातं. बाहेरून किट बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत गॅस भरायचं तोंड इंजिनाशेजारीच असतं. पुण्याच्या पेट्रोलवाल्या पाहुण्याचं बोनेट वर्षातून दोनदा, सर्व्हिसिंगला उघडत असेल. आपल्याकडे ते आठवड्यातून दोन-तीनदा उघडतं. त्यामुळे ते अडकलं की इकडे नुसती अडचण होत नाही, गाडी उपाशीच राहते.

(बोनेट म्हणजे मुळात बाळाच्या कुंचीसारखी टोपी. अमेरिकेत गेलेली आपली भाचेमंडळी त्यालाच 'हूड' म्हणतात. तोही डोक्यावर घ्यायचाच प्रकार!)

नीलगिरी सर्कलवरून आत वळलं की एका गल्लीत माझ्या मामांचं छोटं गॅरेज आहे. मामा साक्री तालुक्यातून लूमवर काम करायला सुरतेत आले आणि लूमच्या मोटारी दुरुस्त करता करता चारचाकीकडे वळले. सुट्टीच्या दिवशी मी तिथे बसलेला असतो. न उघडणारं बोनेट घेऊन येणारा माणूस आता मला लांबूनच ओळखू येतो. त्याच्या हातात बहुतेक वेळा स्टिअरिंगखालची प्लॅस्टिकची लिव्हर असते, तुटलेली.

म्हणजे मूळ बिघाड राहिला बाजूला, वर आणखी एक खर्च. ही लिव्हर तुटते का, ते कळायला आतली रचना माहीत पाहिजे. ती फार अवघड नाही, आणि आपल्या तरुण वाचकांपैकी ज्यांनी नुकतंच लायसन्स काढलंय त्यांनी तर ती एकदा डोळ्यांनी बघावीच.

लिव्हरपासून एक केबल निघते. ती इंजिनाच्या कडेने पुढे जाते आणि रेडिएटरच्या वर, बरोबर मध्यभागी बसवलेल्या खटक्याला जोडलेली असते. बोनेटच्या खालच्या अंगाला लोखंडी कडी असते. बोनेट आपटलं की ती कडी खटक्यात शिरते आणि खटक्याचा आकडा तिला धरून ठेवतो. लिव्हर ओढली की केबल ताणली जाते, आकडा बाजूला होतो, स्प्रिंग कडीला वर ढकलते. झालं. केबल म्हणजे बाहेर नळी आणि आत तार, सायकलच्या ब्रेकला किंवा जुन्या बजाज स्कूटरच्या क्लचला असते तशीच. लंडनमध्ये राहणाऱ्या अर्नेस्ट बाऊडन नावाच्या आयरिश गृहस्थाला १८९६ साली या युक्तीचं पेटंट मिळालं. सव्वाशे वर्षं उलटून गेली, काचा बटणावर आल्या, दारं रिमोटवर आली, पण बहुतेक गाड्यांचं बोनेट अजून तारेवरच आहे. मला वाटतं ते बरंच आहे. बॅटरी बहुधा बोनेटखालीच असते. ती उतरली आणि बोनेटही विजेवर उघडणारं असलं, तर किल्ली कुलपाच्या आत राहिल्यासारखी गत व्हायची.

आता हा खटका कुठे बसलाय ते लक्षात घ्या. गाडीच्या अगदी नाकावर. रस्त्यावरची धूळ, पावसाचा चिखल, समोरच्या ट्रकने उडवलेलं पाणी, सगळ्याचा पहिला मारा त्याच्यावर. लिंबायतमध्ये त्यात आणखी भर पडते. ऑगस्ट २००६ मधला तापीचा महापूर घरातल्या मोठ्यांना अजून तारीखवार आठवतो. पण आपल्या गल्ल्यांत पाणी यायला उकाईचे दरवाजे उघडावेच लागतात असं नाही. मिठी खाडी चढली तरी पुरतं. पाणी बोनेटपर्यंत आलं आणि दोन दिवसांनी ओसरलं, की माणूस सीट वाळवतो, इंजिन ऑइल बदलतो, पायपुसणी धुतो. खटक्यात बसलेला गाळ कुणी धूत नाही. तो वाळतो, खाली गंज धरतो, आणि दिवाळीत गावी निघायच्या वेळी आकडा जागचा हलत नाही.

मग माणूस लिव्हर जोरात ओढतो. हललं नाही की अजून जोरात. पुढे उभा असलेला दुसरा माणूस मदत म्हणून बोनेट वर खेचतो. इथेच सगळं उलटं होतं. बोनेट वर खेचलं की कडी आकड्यावर आणखी घट्ट दाबली जाते, म्हणजे ज्याला आपण सोड म्हणतोय त्यालाच आपण वजन लावतोय. भर म्हणजे बोनेट खडखडू नये म्हणून पुढच्या कोपऱ्यांखाली रबराची बुचं असतात, तीही त्याला सतत वर ढकलत असतात. करायचं ते नेमकं याच्या विरुद्ध. बोनेट खाली दाबायचं.

गेल्या मे महिन्यात हे मी स्वतः बघितलं. मावसबहिणीची हळद होती, साक्रीच्या पुढे, गावी. आम्ही मावसभावाच्या गाडीने पहाटे निघालो. सोनगडच्या अलीकडे एका पंपावर गॅस भरायला थांबलो, सगळे खाली उतरलो आणि बोनेट उघडेना. गॅस संपत आलेला, पेट्रोलचा दिवा आधीपासून लागलेला, पुढे नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट. आजी ऐंशीच्या पुढची. पंपाच्या भिंतीची सावली वीतभर, तिच्यात ती पदर डोक्यावर घेऊन उभी. मागच्या रिक्षावाल्यांचे हॉर्न चालू. एकाने टॉमी आणली. बोनेटच्या फटीत घालून उचकटतो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता, पण तसं केलं की पत्रा वाकतो आणि खटका मात्र जागेवरच राहतो.

आम्ही गाडी ढकलून रांगेबाहेर घेतली, पंपाच्या फाटकापाशी आलो आणि मावसभावाने मामांना फोन लावला. मामांनी पहिल्यांदा विचारलं, लिव्हर ओढताना हाताला ताण लागतो का ढिली येते? ताण लागतो, म्हटलं. मग ते अहिराणीवर आले.

"वढू नको आते. लिव्हर धरी ठेव, सोडू नको. दुसराले सांग, दाब."

मी आत बसून लिव्हर ओढून धरली. मावसभावाने दोन्ही तळवे बोनेटच्या पुढच्या काठावर, खटक्याच्या बरोबर वर ठेवले, अंगाचा भार देऊन दाबलं आणि झटकन हात उचलले. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्या वेळी 'टक्' झालं आणि बोनेट बोटभर वर आलं. फोनवर मामा विचारत होते, "उघडनं का?"

उघडल्यावर लगेच आपटू नका, असं त्यांनी बजावलं. बाटलीतलं पाणी ओतून खटक्यातली माती काढली, फडक्याने पुसलं. जवळ ग्रीस कुठलं असणार? ऑइल बघायची काडी बाहेर काढून तिच्या टोकावरचे थेंब खटक्यावर सोडले, दोन-तीनदा. स्क्रूड्रायव्हरने आकडा हलवून बघितला. मोकळा झाला होता. गॅस भरला, दुपारच्या आत गावी पोचलो, आजीने हळद लावली.

फोनवरचा मामांचा तो पहिला प्रश्न मात्र महत्त्वाचा. ताण लागतोय म्हणजे केबल शाबूत आहे, खटका अडकलाय. अशा गाड्या बहुतेक दोन माणसांच्या दाबण्या-धरण्यानेच सुटतात. लिव्हर हातात सैल येत असेल, तर केबल लिव्हरपाशी निसटलेली किंवा तुटलेली असू शकते. अशा वेळी वाकून लिव्हरच्या मागे बघायचं. कधी तार धड असते, पण बाहेरची नळी आपल्या खाचेतून सुटलेली असते, त्यामुळे ओढ पुढपर्यंत पोचतच नाही. नळी एका हाताने घट्ट धरायची आणि आतली तार पकडीने ओढायची. लिव्हर तुटली असली तरी हाच उपाय. तारेचं टोक तिथे शिल्लक असतं. पकडीत धरा, हळू ओढा, आणि पुढे दाबायला माणूस उभा ठेवा.

तार खटक्यापाशी तुटली असेल, तर मात्र घरच्या घरी खटपट करू नये असं माझं मत आहे. मिस्त्री समोरच्या जाळीतून किंवा खालून लांब हूक घालून आकडा सरकवतो, नाहीतर जाळी किंवा बंपर सोडवतो. प्रत्येक गाडीची वाट वेगळी. तुम्हाला करायचंच असेल तर दोन गोष्टी पाळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. आणि इंजिन गरम असताना जाळीतून हात घालू नका. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरायला लागतो, तो बोटं बघत नाही.

एक वेळ अशी असते की बोनेट उघडत नाही हेच बरं. बोनेटच्या कडेने धूर येतोय, जळका वास येतोय, असं दिसलं की आपला हात आधी लिव्हरकडे जातो, कारण आत काय झालंय ते बघायचं असतं. बघू नका. आत आग असेल तर बोनेट उघडल्याबरोबर तिला हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येतात. गाडी बंद करा, सगळ्यांना उतरवा, लांब जा, १०१ किंवा ११२ लावा. डिकीतल्या गॅसच्या टाकीला हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह असतो. तो कुठे आहे हे आजच बघून ठेवा, आणि आग अगदी सुरुवातीला, टाकीपासून लांब असेल तरच त्याच्यापर्यंत जा. नुसती वाफ असेल, म्हणजे रेडिएटर तापला असेल, तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, निवांत थांबा. बोनेट उघडलं तरी रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही.

न उघडणाऱ्या बोनेटचं सगळ्यांना कळतं, कारण ते अडवून ठेवतं. नीट न लागणाऱ्या बोनेटचं कळत नाही. लिव्हर ओढल्यावर बोनेट बोटभर वर येऊन थांबतं आणि मग फटीत बोटं घालून आपण आणखी एक खटका सरकवतो, तो आठवा. रोज पंपावर तो सरकवताना चिडचिड होते, पण मुख्य खटका सुटला तर वाऱ्याने बोनेट उलटून काचेवर येऊ नये म्हणून तो आहे. पुढून उघडणाऱ्या बोनेटला अशी दुसरी पकड असावी, असा नियम अमेरिकेत १९६९ पासून आहे. याच दुसऱ्या पकडीपायी निसानने २०२० मध्ये तिथल्या अल्टिमा मॉडेलच्या सुमारे १८ लाख गाड्या परत बोलावल्या. धूळ-मातीने पकडीवरचा थर निघायचा, लोखंड उघडं पडून गंजायचं आणि पकड उघडीच राहायची. एवढ्या मोठ्या कंपनीला जे धुळीने केलं, ते आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या गाडीला करणार नाही, असं समजायचं कारण नाही.

म्हणून पावसाळा संपला की, आणि खाडीचं पाणी येऊन गेलं असेल तर लगेच, दोन्ही खटके ब्रश मारून धुवा, कोरडे करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि मग ग्रीस लावा. नुसत्या स्प्रेवर थांबू नका, तो उडून जातो. लिव्हर आधीपेक्षा जड लागतेय असं वाटलं तर त्याच आठवड्यात गॅरेजला जा. केबल तुटायच्या आधी ती बदलणं सोपं असतं, कारण तेव्हा बोनेट उघडतं!

केबल बदलताना मामांची एक युक्ती मला फार आवडते. जुनी केबल ओढून काढायच्या आधी ते तिच्या टोकाला सुतळी बांधतात. जुनी बाहेर येते तशी सुतळी तिच्या वाटेने आत जाते, मग सुतळीला नवी केबल बांधून उलटी ओढायची. डॅशबोर्डमागे, पत्र्याच्या भोकातून वाट शोधत बसावं लागत नाही. लेंग्यात नाडी ओवणाऱ्या कुठल्याही आईला हे सांगायला नको. पण मामा म्हणतात, ते हे लूमवर शिकले. तिथे जुनं बीम संपत आलं की नव्या बीमचे धागे जुन्याच्या टोकांना बांधतात आणि पुढे ओढून घेतात.

नवी केबल बसली की ते बोनेट उघडंच ठेवतात. स्क्रूड्रायव्हरने खटका दाबून बंद करतात, कडी आत गेल्यासारखा, आणि गाडीच्या मालकालाच सीटवर बसवून लिव्हर ओढायला लावतात. आकडा सुटला पाहिजे. मग पुन्हा दाबायचा, पुन्हा ओढायचा. तुम्हीही तुमच्या मिस्त्रीकडे हे मागा. तीनदा 'टक्' ऐकल्याशिवाय त्याला बोनेट खाली आणू देऊ नका.