मौजे रतनवाडीच्या पाऊलवाटा

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून गेलेला रस्ता अकोले तालुक्यात जेथे डोंगराच्या कुशीत विसावतो, तेथे मौजे रतनवाडी हे चिमुकले गाव वसलेले असून, अमृतेश्वराच्या प्राचीन शिवालयाचे शिल्पवैभव आणि लगतची पुष्करिणी पाहण्यात जो प्रहर खर्ची पडेल, तो वाया गेला असे कोणी मानू नये. येथून प्रवरेच्या बालप्रवाहाच्या संगतीने निघणारी वाट निबिड अरण्यातून चढत जाते; मध्येच तिला कात्राबाईच्या खिंडीकडून हरिश्चंद्रगडास जाणारा फाटा फुटतो (नवखे हमखास चुकतात ते येथेच!), आणि लोखंडी शिड्या व गणेश दरवाजा ओलांडताच १२९७ मीटर उंचीच्या रतनगडाचा अंमल सुरू होतो. माथ्यावरील नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले प्रचंड छिद्र, हे या गडाचे खरे वैभव. त्यात बसून भणाणता वारा अंगावर घेत कळसूबाई व अलंग-मदन-कुलंग न्याहाळण्याची सर दुसऱ्या कशास नाही. त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरता येते. परंतु तेथील सांधण दरीत पावसाळ्यात उतरू नये. वाटाड्या मात्र गावातलाच घ्यावा.