मूळ किमतीतला सलामीवीर

जुन्या जालन्यात क्रिकेटचा विषय निघाला की विजय झोलचं नाव येतंच. 2011 मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा, 2014 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचं कर्णधारपद. बंगळुरूच्या आयपीएल संघानंही त्याला घेतलं, पण तिथं बस्तान बसलं नाही. धावांचा डोंगर बघून केलेली निवडही फसू शकते ती अशी.

याउलट गोष्ट पुण्याच्या ऋतुराज गायकवाडची. डिसेंबर 2018 च्या लिलावात चेन्नईनं त्याला 20 लाखांना घेतलं. ही त्याची मूळ किंमत. म्हणजे दुसऱ्या कुणी बोली वाढवलीच नाही. पहिला हंगाम बाकावर गेला. 2021 मध्ये मात्र 635 धावा, ऑरेंज कॅप आणि संघाला विजेतेपद. पुढं त्याला राखायला चेन्नईनं आधी 6 कोटी, 2025 साठी 18 कोटी मोजले. माझ्या मते खरी हुशारी खरेदीइतकीच त्या बाकावरच्या वर्षात होती. त्याला सोडून दिलं नाही.

अमेरिकी बेसबॉलमध्ये असे खेळाडू स्वस्तात हेरण्याचं काम जनरल मॅनेजरचं. ओकलंड संघाच्या बिली बीननं कोपर दुखावलेला कॅचर स्कॉट हॅटेबर्ग स्वस्तात उचलला आणि पहिल्या बेसवर उभा केला. कारण एकच: तो काहीही करून बेसवर पोचायचा. 2002 मध्ये ओकलंडनं 103 सामने जिंकले.