कोपऱ्यातला कर्णा आणि भिंतीची फट

ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याकडून जितक्या खालच्या स्वराची अपेक्षा ठेवावी, तितके त्याचे तोंड मोठे असावे लागते, आणि घरात खर्ज ऐकू इच्छिणाऱ्याची खरी अडचण येथूनच सुरू होते. सेकंदाला 40 कंपनांच्या, म्हणजे 40 हर्ट्झच्या, स्वराची हवेतील लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. मोकळ्या जागेत तो स्वर नीट बाहेर पडण्यासाठी कर्ण्याच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढाच, म्हणजे व्यास 2.7 मीटर, असावा लागतो, आणि असा कर्णा जालन्यातील दहा बाय बाराच्या खोलीत ठेवला तर माणसांना बसायला जागा उरणार नाही. मात्र दोन भिंती आणि जमीन जेथे एकत्र येतात, त्या कोपऱ्यात ध्वनीला पसरण्यासाठी पूर्ण गोलाचा केवळ आठवा हिस्सा मोकळा असल्याने तोंडाचे क्षेत्रफळही सुमारे सहा चौरस मीटरांवरून पाऊण चौरस मीटरवर आणता येते.

या गणिताला लाकडी पेटीचे रूप दिले ते अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यातील होप या गावी राहणाऱ्या पॉल क्लिप्श (1904–2002) या अभियंत्याने. त्याने 1946 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ‘क्लिप्शहॉर्न’ ही कोपऱ्यात ठेवायची पेटी आजही बनते. तिच्यात पंधरा इंची पडद्यापुढचा लांब मार्ग घड्या घालून बसवलेला असून, पूर्वापार रचनेत ध्वनी पेटीच्या मागे जाऊन दोन्ही भिंतींच्या कडेने पुढे येतो. म्हणजे कर्ण्याच्या शेवटच्या टप्प्याची बाहेरची बाजू सुताराने केलेली नसते, ती घराची भिंतच असते. एका वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर शंभर डेसिबलच्या पुढे जाणारा आवाज ही पेटी देते. जत्रेतील भोंगाही याच तत्त्वावर थोड्या शक्तीत शिवारभर ऐकू जातो, परंतु त्याचे तोंड लहान असल्याने पखवाजाचा धुमा त्यातून कधी घुमत नाही.

भिंत हा कर्ण्याचा भाग आहे हे एकदा मान्य केले, की पेटी आणि भिंत यांमधील फट म्हणजे कर्ण्यालाच पडलेले भोक ठरते. पडद्याने आत निर्माण केलेला हवेचा दाब त्या वाटेने निसटतो, पडद्यावरचा हवेचा भार कमी होतो आणि नुकसान प्रामुख्याने खर्जाचे होते. जालना जिल्ह्यात ही फट अपवादाने नव्हे, तर नियमाने आढळावी अशी परिस्थिती आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंती हलतात आणि कोपरे तडकतात. जुन्या माळवदाच्या घरांतील दगड-मातीच्या जाड भिंती खर्जाला उत्तम आधार देतात, पण त्यांना ओळंबा लावला तर त्या क्वचितच सरळ निघतात; नव्या सिमेंटच्या घरांत भिंत त्या मानाने सरळ असते, तर तिच्या पायथ्याशी फरशीची स्कर्टिंग पुढे आलेली असते आणि पेटी भिंतीला टेकूच देत नाही.

म्हणून पेटी ठेवण्यापूर्वी कोपरा गुण्याने तपासावा, गिलाव्यातील खाचखळगे लांबी भरून सपाट करावेत आणि स्कर्टिंगच्या जाडीइतकी खाच पेटीच्या खालच्या कडेला सुताराकडून काढून घ्यावी. उरलेली फट सिमेंटने किंवा कडक पुट्टीने बुजवणे चुकीचे आहे, कारण मातीबरोबर हलणाऱ्या भिंतीशी असा जोड वर्षभरात तडकतो आणि पेटीही कायमची अडकून पडते. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरून पेटीच्या मागच्या कडांवर आणि वरच्या फळीच्या भिंतीकडील कडेवर बसवावी. पेटी कोपऱ्यात दाबली की ती चेपून वेडीवाकडी भिंतही धरते. दाराला लावायची रबरी पट्टी बारीक फटीपुरती चालते. खोलीत अंधार करून पेटीच्या मागे विजेरी लावली, तर जेथून उजेड दिसेल तेथून ध्वनीही गळतो आहे, असे समजावे. पेटीच्या दोन्ही बाजूंना तीन-चार फूट भिंत दार-खिडकीवाचून अखंड असावी, अन्यथा फट बुजवण्याचा खटाटोप बराचसा वाया जातो.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. बारा फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि कोपऱ्यात ठेवलेली पेटी नेमका हा दोष अधिक चेतवते. फट बुजल्यावर खर्ज वाढेल तसा हा घुमाराही वाढेल. माळवदाचे लाकूड-मातीचे छत त्यातील काही भाग शोषून घेते, स्लॅबचे छत तो जवळजवळ तसाच परत फेकते, तर पत्र्याचे छत स्वतःच थरथरू लागते.

क्लिप्शहॉर्नच्या अलीकडच्या आवृत्तीत पेटीची मागील बाजू पूर्ण बंद केली असल्याने ती भिंतीला चिकटवण्याची सक्ती राहिलेली नाही, तरी कोपरा तिलाही लागतोच. जुन्या पेट्यांसाठी प्लायवूडचे दोन जाड पंख मागे जोडून कृत्रिम कोपरा करता येतो. एकाच भिंतीची दोन्ही टोके मोकळी नसलेल्या घरात मात्र स्टिरिओसाठी कोपऱ्यातल्या कर्ण्यांची जोडी घेऊ नये, साध्या बंद पेट्या घ्याव्यात.