कोलिस्टिन, कोंबडी आणि आपण

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. या आपल्या भागात करार पद्धतीची पोल्ट्री आता नवी नाही: पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची; शेड, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. बॅच साधारण सहा आठवड्यांची. एवढ्या दाटीत एक पक्षी आजारी पडला की सगळ्यांच्याच पाण्यात औषध. मग जे जंतू त्यातून तगतात, त्यांचीच पैदास होते.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. आयसीयूत बाकीची प्रतिजैविकं हरली की डॉक्टर हे शेवटचं काढतात. तेच कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात जायचं! 2015 मध्ये चीनमध्ये जंतूंना कोलिस्टिनचा प्रतिकार करू देणारं एमसीआर-1 हे जनुक सापडलं. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं. त्यामुळे ई. कोलाय हा जंतू ते जनुक शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. हातउसन्या पावशेरासारखं, फक्त देणाऱ्याचं काही कमी होत नाही. जुलै 2019 मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिराच, पण घातली.

चिकन नीट शिजलं की जंतू मरतात, प्रतिकार असो वा नसो. खरी गडबड कच्च्या मांसाच्या सुरीने कोशिंबीर चिरण्यात आहे.

आणि कोंबडीखत! बॅच गेल्यावर ते थेट भाजीच्या वाफ्यात टाकू नका. ढीग लावून नीट कुजवा, अधूनमधून वरखाली करा. आतल्या उष्णतेने बरेच जंतू मरतात. मेथी-कोथिंबिरीला तर कच्चं खत नकोच.