टेम्पोतलं कपाट आणि खण



चाकणला कंपनीची पाळी सुटायच्या वेळी पोहे-चहाचा टेम्पो लावायचा, म्हणून आमच्या गटानं जुना छोटा हत्ती घेतला. आत घरातल्यासारखं लाकडी कपाट ठेवलं. पहिल्याच आठवड्यात खड्ड्यांनी खण सुटला. थांब्यावर फाळका उघडला, तर सुरी थेट एकीच्या पायाजवळ पडली. पाय थोडक्यात वाचला. घरातलं कपाट जागेवर उभं असतं, गाडीतलं रोज हादरे खातं, हे तेव्हा कळलं. मग ते सगळं उतरवून नव्यानं बांधलं. ते कसं, ते आज सांगतो.

आधी लाकूड. आपल्या पट्ट्यात कंपन्यांच्या यंत्रांच्या पेट्यांचं पाइन लाकूड भंगारात स्वस्त मिळतं. परदेशातून आलेल्या पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्याशेजारी इंग्रजी एच आणि टी ही अक्षरं असतील, तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंश तापवून किमान ३० मिनिटं तसं ठेवलेलं असतं. एम आणि बी असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते खाण्याच्या कपाटाला घेऊ नका. तेलाचे, रसायनाचे डाग असतील तेही नको. कापण्याआधी सगळे खिळे उपटून घ्या. पाइन मऊ असतं, चिरतं. म्हणून स्क्रूआधी बारीक भोक पाडा.

प्लायवूड घ्यायचं तर पाण्याला टिकणारं घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. पण वजन बघा. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक शीटच तीसेक किलोच्या वर भरते. सांगाड्याला १८ मिलिमीटर आणि खणांना १२ मिलिमीटर पुरतं.

आता माप. चाकाचा फुगवटा, फाळक्याची कडी हे सगळं टेपनं मोजून आधी पुठ्ठ्याचा साचा करून आत ठेवून बघा. खणाला लोखंडी चॅनल लावायचे तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो. म्हणजे जागा २४ इंच असेल, तर खण बाहेरून २३ इंचच करायचा. आम्ही इथंच चुकलो होतो. खण पूर्ण मापाचा केला आणि मग रंध्यानं तासत बसलो.

खण सुटू नये म्हणून काय करायचं? ब्रेक लागला की सामान पुढं जातं, चढाला मागं येतं, वळणावर बाजूला. म्हणून खण कुठल्याही दिशेला उघडो, कडी हवीच. स्वस्त उपाय म्हणजे चॅनल न लावता लाकडी पट्टीवर खण सरकवायचा आणि त्याच्या तळाला पुढं खाच पाडायची. बंद केला की खाच पट्टीवर बसते. उचलल्याशिवाय खण निघत नाही. पट्टीवर मेणबत्ती घासली की सरकायला हलका जातो.

सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही लावा. कपाट मात्र गाडीला आरपार नट-बोल्टनं, मोठा वायसर घालून आवळा. नुसता स्क्रू हादऱ्यानं ढिला होतो. दर पंधरवड्याला नट तपासा. जड पातेली, पाण्याचे कॅन तळाला आणि दोन्ही बाजूंना सारखे. वर फक्त कागदी प्लेटा आणि हलके डबे.

काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. खाद्यपदार्थ विकायला अन्न नोंदणीही लागते.

राज्यानं २०२१ मध्ये मुक्कामाच्या कॅरॅव्हॅन गाड्यांसाठी पर्यटन धोरण आणलं. त्या गाड्यांतल्या कपाटांनाही हेच नियम लागतात. तेव्हा टेप आणि करवत हाती घेतलेल्या बाईला टेम्पोपलीकडेही काम आहे. आमच्यातल्या दोघी आता दुसऱ्या गटांचे खण बांधून देतात.

पुढच्या वेळी भेटू. तोवर आज घरी गेल्यावर एकदा आपल्या गाडीतल्या कड्या हलवून बघा.