फोल्डरात फोल्डर

सबमिशनच्या आदल्या रात्री आमचा प्रोजेक्ट हट्टाला पेटला. कोडमध्ये दुरुस्ती करा, कंपाइल करा, चूक तिथल्या तिथे! अंबरनाथला मित्राच्या घरी आम्ही तिघांनी दीड तास डोकं फोडलं. शेवटी एकाने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'ट्री /एफ' टाइप केलं. स्क्रीनवर हे आलं:

प्रोजेक्ट
│   मेन.सी
│   रिपोर्ट.डॉक
│
└───प्रोजेक्ट
        डेटा.टीएक्सटी
        मेन.सी

झिप उघडताना फोल्डरात फोल्डर झाला होता. दुरुस्ती आतल्या मेन.सी मध्ये, कंपाइल मात्र बाहेरची! पाच मिनिटांत काम झालं आणि मला बदलापूरची लोकलही मिळाली.

नाव एकच असलं तरी फाइल तीच असेल असं नाही. फाइल ओळखायची ती पूर्ण पाथवरून. उल्हासनगरकरांना हे शिकवायला नको. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळालं. पण गाव अजून कॅम्प 1 ते 5 असंच ओळखलं जातं. नुसता खोली नंबर सांगून तिथे घर सापडायचं नाही. बॅरेक, सेक्शन, कॅम्प सगळं लागतं. फरक एवढाच की पत्त्यात आधी खोली आणि शेवटी कॅम्प. पाथमध्ये उलटं, आधी ड्राइव्ह आणि शेवटी फाइल.

विंडोजमध्ये नुसतं 'ट्री' दिलं तर फक्त फोल्डर दिसतात. फाइली हव्या तर '/एफ' लागतंच. लिनक्समध्ये ही कमांड बऱ्याचदा आधीपासून नसते, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ट्री' करून घ्यावी लागते (उबुंटूवर). तिथे फाइली आपोआप दिसतात, 'हायफन डी' दिलं तर फक्त फोल्डर. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींसाठी 'हायफन ए'. आणि गंमत म्हणून सुद्धा रूटवर ही कमांड चालवू नका, स्क्रीन धावतच राहते! (कंट्रोल-सी दाबा.) 'हायफन एल 2' दिलं की झाड दोनच पातळ्या खाली उतरतं. हा एल कॅपिटल बरं का, छोट्या एलचा अर्थ वेगळा.

रिपोर्टमध्ये हे झाड छापायचं असेल तर विंडोजवर '/एफ' सोबत '/ए' पण द्या. नाहीतर नोटपॅडमध्ये रेषांच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात.